राखेची पुरचुंडी

चैत्र सरत आला होता आणि वीज गेली होती. अंगणात बाजा टाकल्या होत्या. आमच्या घरामागे बांध, बांधापलीकडे उताराला नाला आणि नाल्यापलीकडे नागझिऱ्याचं रान. मोबाइलच्या बॅटऱ्या माना टाकू लागल्या तशी तिन्ही नातवंडं एकेक करून माझ्या बाजेवर आली. बाजेखाली मनी मांजर आधीपासूनच होती.

"आबा, गोष्ट सांगा," शेंडेफळानं फर्मान सोडलं. "राजाची नको. भुताची नको."

"मग आज शिकारीला जाऊ. चला, बेत आखा."

थोरला आठवीत. त्यानं लगेच कायद्यावर बोट ठेवलं. "शिकारीवर बंदी आहे आबा. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा."

"आहे तर! म्हणून ही बाज घेऊन आपण १९६२ सालात जायचं. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. माझे वडील वनखात्याचा परवाना काढून वर्षातून एकदा रानात जायचे, एका चितळासाठी. बार टाकायचे ते, पण बेत आखायचा मामा. मामा म्हणजे शेजारच्या टोल्यावरचा एक गोंड म्हातारा, माग काढण्यात पटाईत. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. उभ्या जन्मात त्यानं बंदूक हातात धरली नाही. कमरेला एक पुरचुंडी तेवढी खोचलेली असायची."

"तिच्यात काय होतं?" शेंडेफळ.

"येईल, येईल. आधी बेत. अट एवढीच, की चुकलात तर जनावर पळालं. मग डाव पुन्हा पहिल्यापासून. सांगा, बसायचं कुठं?"

"पाणवठ्यावर," थोरला म्हणाला. "उन्हाळा आहे. सगळ्यांना तिथं यावंच लागणार."

"डोकं बरोबर चाललं, पण तिथं बसायचं नाही. पाण्याला आलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही, हा माझ्या वडिलांचा नेम होता. दुसरी जागा काढ."

मधलीनं नाल्याच्या दिशेला नाक केलं. तिकडून मधूनच गोडूस, आंबूस वास येत होता. "मोहाखाली?"

"शाबास! मोहाचं झाड मोठं हिशेबी. पानं झाडून मोकळं होतं, फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस धरतं आणि फुलं उमलतात ती रात्री. कारण त्याची गिऱ्हाइकं रात्रपाळीची आहेत. वटवाघळं रसाळ पाकळ्यांच्या आशेनं येतात आणि जाता जाता एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर पोचवतात. मग पहाटेच्या अंधारात फुलं टपटप गळायला लागतात. तुमची आजी उजाडताना टोपली घेऊन जायची, तोवर चितळ, सांबर, अस्वल सगळ्यांची न्याहारी उरकलेली असायची. कोणता मोह आधी गळतो, कोणता मागून, हे मामाला पाठ होतं."

जागा ठरली. आता मचाण. मी बाजेच्या गातावर थाप मारली. "हीच बाज झाडावर न्यायची आणि चारही पाय फांद्यांना करकचून बांधायचे. मामाचं मचाण म्हणजे झाडावर चढलेली बाज. कोणत्या झाडावर चढवू?"

"टेकाडाच्या अंगाला, मोहाच्या वर," थोरला म्हणाला. "तिथून सगळं दिसेल."

"बरं. चढलो. मध्यरात्र उलटली. मोह खाली, आपण वर. पहाटे एक सांबर आलं. साठेक पावलांवर थबकलं. मान वर, नाक वर. पुढचा खूर जमिनीवर आपटला आणि 'ढाँक!' सारं रान दणाणलं. सांबर गेलं. डाव खलास."

"असं कसं?" थोरला उसळला. "आम्ही हललोसुद्धा नाही!"

"तुम्ही नाही हललात. तुमचा वास हलला."

मी उठलो, चुलीतली निवालेली राख चिमूटभर घेतली, जुन्या धोतराच्या चिंधीत बांधली आणि टॉर्चच्या उजेडात तिच्यावर टिचकी मारली. चिंधीच्या विणीतून धुरासारखा बारीक भुरका उडाला. वारा पडलाय असं वाटत होतं, पण भुरका जागेवर राहिना. हळूच, पाण्यासारखा सरकत, बांधावरून नाल्याकडे उतरला.

"ही मामाची पुरचुंडी! मध्ये राख, बाकी काही नाही. पाहिलंत? दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता सोडून थंड होते. तिला चिकटलेली हवाही थंड होते, जड होते आणि उतारावरून खाली वाहू लागते. वरच्या अंगाला बसलेल्या माणसाचा घाम, विडी, मघाशी खाल्लेल्या भाजीची फोडणी, सगळं ती खालच्या जनावराच्या नाकाशी नेऊन सोडते. म्हणून रात्री मचाण खालच्या अंगाला. सकाळी हे चक्र उलटतं. ऊन उतारावर पडलं, की जमिनीलगतची हवा तापून वर चढते. मग खालच्यांचा वास वर. मामा म्हणायचा, उतारावर ऊन आलं की बाज सोडा, आता वारा फितूर झाला."

"पण साठ पावलांवरून वास?" मधलीचा विश्वास बसेना.

"तुला नाही येणार. सांबराचं नाक ओलं असतं, ते उगाच नाही. हवेतून आलेले वासाचे कण त्या ओलाव्यावर धरले जातात, विरघळतात आणि मग आत पोचतात. आत पातळ हाडांच्या वळ्याच वळ्या. त्यांच्यावर वास ओळखणाऱ्या पेशींचं अस्तर. एवढ्याशा नाकात केवढा मोठा कपडा घडी घालून ठेवलाय असं समज. म्हणून मामाचा हुकूम असायचा: दोन दिवस आधीपासून विडी बंद, साबण बंद."

शेंडेफळाला हा हुकूम फारच आवडला. निदान साबणाचा.

बाज खालच्या अंगाला आली. आता कपडे. मधलीनं आपला शाळेचा पांढरा सदरा निवडला. चांदण्यात मिसळून जाईल, हा तिचा हिशेब. थोरल्यानं मात्र भलतंच काढलं. "अमेरिकेतले शिकारी भडक भगवं जाकीट घालतात. मी व्हिडिओत पाहिलंय. त्यांना हरीण कसं सापडतं?"

"छान प्रश्न काढलास. तर गंमत ऐका. भगवं जाकीट चालतं, पांढरा सदरा नाही."

तिघांनीही माझ्याकडे म्हातारचळ लागल्यासारखं पाहिलं.

"आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन तऱ्हेच्या. हरणांच्या डोळ्यात दोनच. लाल-नारिंगी वेगळा काढायला जी तिसरी लागते, ती नाही. त्यामुळे त्यांना नारिंगी आणि हिरवा हे जवळपास एकच दिसतात. ते जाकीट शिकाऱ्यानं घातलेलं असतं ते दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी आपल्याला लागू नये म्हणून. हरणाच्या लेखी ते झुडूप. उलट निळ्या रंगाला हरणाची नजर तल्लख. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत एक द्रव्य घालतात. ते न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. पहाटेच्या संधिप्रकाशात तुझा सदरा चितळाला दिव्यासारखा दिसेल. दुसराही डाव खलास. वडील नीळ घातलेला सदरा घालून निघाले, की मामा काही न बोलता तो मागून घ्यायचा आणि नाल्याच्या गाळात बुचकळून परत द्यायचा."

मधली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, म्हणजे वाघ...?"

"बोल, बोल."

"वाघ नारिंगी आहे. चितळाला तो हिरवा दिसतो?"

मला तिची पाठ थोपटावीशी वाटली, थोपटलीच. "बाई, शिकारीच्या पुस्तकांचे गठ्ठे वाचून लोकांना हे सुचत नाही. अगं, केसांना रंग देणारी द्रव्यं सस्तन प्राण्यांकडे मुळात दोनच. एकातून काळा-तपकिरी येतो, दुसऱ्यातून पिवळा-तांबूस. हिरवा रंग त्यांच्या दुकानात मिळतच नाही. म्हणून वाघाला हिरवं होता येत नाही. पण ज्याच्यापासून लपायचं, त्याच्या डोळ्याला नारिंगी हिरवाच दिसत असेल, तर हिरवं व्हायची गरजच काय? वरून काळे पट्टे. ते उभ्या गवतात त्याच्या अंगाची कड मोडून टाकतात. आपल्याला वाघ भडक दिसतो, कारण त्यानं ते कपडे आपल्यासाठी शिवलेले नाहीत."

तिसरा डाव. वारा बरोबर, कपडे बरोबर. पहाटेचं फिकट उजाडलेलं. चितळांचा कळप मोहाखाली आला, माना खाली घालून फुलं वेचू लागला. तेवढ्यात शेंडेफळाला डास चावला. तिनं खरोखरच पोटरीवर चापट मारली.

"गेला कळप!" मी म्हणालो.

"पण त्यांच्या माना तर खाली होत्या!" ती रडवेली झाली.

"माना खाली होत्या, डोळे पहाऱ्यावर होते. उद्या सकाळी गोठ्यात जा आणि शेळीच्या डोळ्यात बघ. बाहुली आडवी असते, फटीसारखी. हरणांचंही तसंच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि बाहुल्या आडव्या, त्यामुळे जमिनीलगतची जवळजवळ सगळी गोलाई एकदम नजरेत. आणि शेळी-मेंढीचा आणखी एक चमत्कार. तिनं चरायला मान खाली घातली, की बाहुली उभी व्हायला हवी ना? होत नाही. डोळाच खोबणीत फिरतो आणि बाहुली पुन्हा जमिनीला समांतर. मान कुठंही असो, फट क्षितिजावर. अशी नजर बारकावे कमी टिपते, पण हललेलं काहीही सोडत नाही."

शेंडेफळानं बाजेखालून मनीला ओढून काढलं आणि तिच्या तोंडाकडे टॉर्च केला. मनीच्या बाहुल्या आकसून उभ्या रेघा झाल्या. "हिच्या उभ्या आहेत."

"ती जमिनीलगत दबा धरून बसणारी छोटी शिकारीण. उभ्या फटीमुळे सावज नेमकं किती लांब आहे हे तिला अचूक कळतं, असं शास्त्रज्ञ म्हणतात. वाघ तिचाच थोरला भाऊ, पण त्याची बाहुली मात्र गोल, आपल्यासारखी. त्याचे डोळे जमिनीपासून तेवढे जवळ नसतात. आता बंद कर तो टॉर्च. तिच्या डोळ्यांमागे आरसा आहे. आत शिरलेला उजेड पडद्यातून एकदा जातो, आरशावर आपटून दुसऱ्यांदा जातो. आपल्याला जिथं काळोख, तिथं तिला संध्याकाळ. सांबराकडेही तो आरसा आहे. शिकारी आणि सावज दोघांनी रात्रीची तयारी सारखीच केलीय."

शेंडेफळानं मनीला सोडलं. ती कणगीच्या बाजूला निघून गेली.

चौथा डाव मी त्यांना सांगितला, कारण तो खरा घडला होता.

"त्या वर्षी वडिलांनी मला पहिल्यांदा बरोबर नेलं. मचाणावर वडील, मामा आणि मधे मी. हलायचं नाही, बोलायचं नाही. ऐकायचं मात्र सगळं. मामानं आधीच शिकवून ठेवलं होतं, की रानात दूर पाहायचं असेल तर वानराचे डोळे वापरायचे. वानर झाडाच्या शेंड्यावर, चितळ झाडाच्या बुडाशी. दोघांची जुनी भागीदारी. वानर अर्धी पानं, अर्धी फळं खाऊन टाकून देतं, ती चितळाच्या तोंडी पडतात. वानराची नजर लांबची, चितळाचं नाक तिखट. एकानं हाक दिली की दुसरा सावध. पण हाकांचीही प्रत असते. मोर कशालाही ओरडतो. वानर खाकरलं तर कान द्यायचा. सांबर ढाँकलं आणि ते आपल्या वासानं नसेल, तर वाघ किंवा बिबट्या आहेच असं धरून चालायचं."

"ओरडून सांबर स्वतःच सापडत नाही का?" थोरल्याची शंका.

"वाघाचा सगळा डाव न दिसता जवळ येण्यावर. सांबर ओरडलं, चितळानं शेपटी वर करून पांढरा झेंडा दाखवला, की वाघाला निरोप मिळतो: तू दिसलास. आता तुझे कष्ट फुकट. पुष्कळदा वाघ तिथूनच मागे फिरतो. ती हाक भाऊबंदांसाठी असते, तशीच ती वाघासाठीही असते.

"तर, पहाट होत होती. मोह टपटपत होता. मामानं राखेवर टिचकी मारली. भुरका आमच्या मागे, नाल्याकडे गेला. सगळं मनासारखं. आणि एकदम मला भाताचा वास आला. ताज्या, वाफाळलेल्या, आंबेमोहरासारख्या भाताचा. मला वाटलं भुकेनं भ्रम झाला. मी मामाकडे पाहिलं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यानं वडिलांच्या बंदुकीच्या नळीवर हात ठेवून ती खाली दाबली."

"रानात भात कुणी शिजवला?" शेंडेफळ माझ्या कुशीत सरकली.

"वाघानं. वाघ आपली हद्द आखायला शेपूट वर करून झाडाच्या बुंध्यावर मागच्या मागे फवारा सोडतो. त्याला ताज्या भातासारखा वास येतो. मामाला हे बापजाद्यांपासून ठाऊक असावं. त्याचं रसायन शोधलं ते कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारी नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी जगाला सांगितलं, की बासमतीला सुगंध देणारं जे द्रव्य, तेच वाघाच्या या फवाऱ्यात आहे. त्याचं नाव २-ॲसिटिल-१-पायरोलीन. नाव विसरा, वास विसरू नका. ज्या वासानं आपण ताटाकडे धावतो, तोच वास रानात सांगतो, पुढं येऊ नकोस, इथं मी राहतो."

"मग?"

"मग चितळं आली. सात-आठ असतील. फुलं वेचू लागली. आमच्यापासून पन्नास पावलांवर बांबूचं बेट होतं. त्या बेटाची सावली जरा लांब झाल्यासारखी मला वाटली. पुढचं पाऊल जिथं पडलं तिथंच मागचं पाऊल ठेवत वाघ येत होता. पायाखालची जागा एकदा तपासली की दुसरं पान वाजायला नको. तीस पावलं. पंचवीस. मी श्वास सोडायचा विसरलो होतो. आणि शेंड्यावरून वानर खाकरलं. 'खॅक्!' सगळ्या शेपट्या वर. वाघ उसळला तो नारिंगी वीज पडल्यासारखा, पण चितळं केव्हाच नाल्यापार. तो मोहाखाली उभा राहिला, सांडलेली फुलं हुंगल्यासारखी केली आणि लाजल्यासारखा बेटात निघून गेला. त्याची हीच गत असते, बरं का. दहा-वीस झेपांत एखादी लागू पडते."

"एवढा मोठा वाघ, आणि विसांत एक?" थोरला हसला.

"तुझे किती डाव गेले?"

तो गप्प झाला.

"हसू नको. त्या एकाच आकड्यावर रान उभं आहे. ओलं नाक, आडवी बाहुली, वानराची दोस्ती, ही सगळी चितळाची तटबंदी. ती बांधायला लाखो वर्षं लागली, आणि ती बांधली कशाविरुद्ध? वीस-पंचवीस पावलांपर्यंत सरपटत येणाऱ्या शत्रूविरुद्ध. वाघ एकदा जिंकतो, चितळं एकोणीस वेळा जिंकतात. म्हणून दोघंही टिकतात. बंदूक दोनशे पावलांवरून बोलते. वारा सांभाळला तर नाकाला पत्ता लागत नाही, वानराला खाकरायला सवड मिळत नाही. बंदूक त्या एकोणीस वेळा हरतच नाही. जीप आल्या, प्रखर झोताचे दिवे आले, मग तर डोळ्यांमागचा तो आरसाच दगा द्यायला लागला. चमकला की बार. १९७२ साली देशभर मोजदाद झाली तेव्हा वाघ भरले १८२७. त्या वर्षी कायदा झाला. पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प आला; पहिल्या नऊ रानांत आपला मेळघाट होता. आपलं नवेगाव-नागझिरा त्या यादीत यायला २०१३ उजाडलं."

"आणि पणजोबांनी त्या दिवशी बार टाकला?" मधलीनं विचारलं.

"नाही. मचाणावरून उतरल्यावर वडिलांनी मामाला विचारलं, आता काय करायचं? मामा म्हणाला, आज आपल्यापेक्षा मोठा शिकारी उपाशी गेला, आपण कशाला खायचं? वडील हसले. पुढच्या वर्षी मात्र ते पुन्हा गेले आणि चितळ घेऊन आले, हेही सांगतो. नाहीतर म्हणाल आबा सोयीचं तेवढंच सांगतात. त्या मटणाची चव मला आठवत नाही. भाताचा तो वास अजून आठवतो."

जरा वेळानं थोरला म्हणाला, "म्हणजे मामाची विद्या आता वायाच गेली."

"कशानं? पुढच्या महिन्यात बुद्धपौर्णिमा. त्या रात्री वनखातं पाणवठ्यांवरच्या मचाणांत माणसं बसवतं, आलेलं जनावर टिपून ठेवायला. रात्र तीच का निवडली? वैशाखात पाणी मोजक्या जागी उरतं. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो, सूर्य उगवताना मावळतो, रात्रभर दिवा. वाघांची खरी मोजणी आता रानात लावलेल्या कॅमेऱ्यांवर होते, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. पण मचाणावर बसणाऱ्याला आजही वारा बघावाच लागतो, पांढरा सदरा घरी ठेवावाच लागतो, डास चावला तरी गप्प राहावंच लागतं. मी चारदा बसलोय. वयात या, तुम्हीही बसा. पुरचुंडी माझ्याकडून घेऊन जा."

वीज अजून आली नव्हती. शेंडेफळानं माझ्या हातातली चिंधी केव्हाच काढून घेतली होती. ती एकदम ताठ झाली आणि ओठांवर बोट ठेवलं.

कणगीपाशी मनी दबा धरून बसली होती. पोट जमिनीला टेकलेलं, शेपटीचं टोक तेवढं वळवळतंय. कणगीच्या बुडाशी उंदीर दाणे वेचत होता. आम्ही चौघं बाजेवर जिथल्या तिथं थिजलो. शेंडेफळानं हळूच चिंधीवर टिचकी मारली. भुरका आमच्याकडून नाल्याकडे उतरला. कणगी दुसऱ्या अंगाला होती. तिनं मला मान हलवून दाखवलं, वारा ठीक आहे. तिच्या पोटरीवर डास बसलेला मला दिसत होता. तिलाही कळत असणार. हात जागचा हलला नाही.

मनीनं झेप घेतली. खसखस झाली, एक दाणा लांब उडाला आणि उंदीर भिंतीच्या भोकात गेला. मनी तिथंच बसून पंजा चाटू लागली, जणू काही घडलंच नव्हतं.

"एक," शेंडेफळ कुजबुजली आणि मग पोटरी खाजवली. "अजून एकोणीस आहेत. झोपू नका कुणी."